सहा पायांचा प्राणी

त्या वर्षी सरोवरावरचा बर्फ फुटू लागला, त्या सुमारास जमिनीने मला एका प्राण्याची बातमी दिली. तो उजाडताना चांगपा मेंढपाळांच्या मुक्कामाजवळून निघे, खाऱ्या सरोवराच्या काठाने दलदलीपर्यंत जाई, तिथे बराच वेळ थांबे आणि वारा सुटण्याआधी परत फिरे. त्याची चाल संथ होती. वजन पुष्कळ होते. आणि त्याला सहा पाय होते.

"सहा?" लेहच्या केंद्रातून यांगझोमने फोनवर विचारले. "नीट मोजलेस ना?"

"यंत्राने मोजले."

"तुमच्या मालवणात असेल असलं काही. खेकडा, कुर्ली वगैरे."

"कुर्लीला दहा असतात," मी म्हणालो.

"बघा! थट्टेतही हा माणूस दुरुस्ती करतो."

यांगझोम आमच्या केंद्राची प्रमुख. जन्माने चांगपा, शिक्षणाने पुण्याची. तिथल्या वसतिगृहात तिने मराठी उचलली आणि माझे हिंदी ऐकवत नाही, या सबबीवर ती माझ्याशी मराठीतच बोले. दिवसभरात माझ्या कानांवर पडणारा माणसाचा आवाज बहुधा तेवढाच असे. तिचा फोन ठेवल्यावर खोलीत जी शांतता उरे ती आधीच्या शांततेपेक्षा निराळी असते, हे मी तिला कधी सांगितले नव्हते.

चांगथांग हे लडाखच्या पूर्वेकडचे पठार. इथे झाड नाही. नजर अडवायला काहीच नसल्यामुळे दूरचे डोंगर हात लावावेत इतके जवळ वाटतात आणि दिवसभर चालूनही तेवढेच दूर राहतात. उन्हाळ्यात काळ्या मानेचे क्रौंच येऊन दलदलीत घरटे करतात. कियांग, म्हणजे इथली तांबूस रानगाढवे, कळपाने धावतात आणि एकाएकी सगळी मिळून थबकतात, जणू कुणी हाक मारली. समुद्राकाठी वाढलेल्या मला या सरोवराच्या खारट वासाने पहिल्याच दिवशी घर आठवले होते. तो वास सोडला, तर इथले काहीही माझ्या ओळखीचे नव्हते.

माझे काम ऐकण्याचे होते. काही वर्षांपूर्वी दूरसंचारासाठी या पठारात काचेचा धागा पुरला गेला होता. तो केसाइतका बारीक होता, पण शेकडो मैल पसरलेला. अशा धाग्यात प्रकाशाचा क्षणिक झोत सोडला, की काचेतल्या सूक्ष्म खोटांवर आपटून त्याचा अगदी थोडा अंश मागे परततो. वर जमिनीवर पाऊल पडले, तर धागा कल्पनेपलीकडे किंचित ताणला जातो आणि परतणारा प्रकाश बदलतो. तो कुठून परतला, हे त्याला लागलेल्या वेळावरून कळते. म्हणजे धाग्याचा हर एक हात हा एक कान असतो. सगळे पठार एका टोकाला बसून ऐकता येते.

पण पावलांचा पाऊस ऐकणे आणि त्यातून प्राणी ओळखणे, या दोन वेगळ्या गोष्टी. कळपाच्या हजारो टापांतून कोणत्या चार एकाच जनावराच्या, हे कसे ठरवायचे? यंत्राला आम्ही एकच नियम शिकवला होता: जी पावले एकमेकांची वाट पाहतात, ती एका शरीराची. एक पाय थांबला की दुसराही थांबतो, एक अडखळला की बाकीचे सावरून घेतात. हे ज्यांच्यात सातत्याने दिसेल, त्यांना एक प्राणी समजावे. या नियमावर यंत्राने लांडगे ओळखले, कियांग ओळखले, ससे ओळखले आणि पुढे माणसेही. लांडगा आला की मुक्कामाला सूचना जाई, मेंढ्या आत घेतल्या जात, आणि लांडग्यांना मारण्याचे जुने दगडी खड्डे वापरावाचून पडून राहिले होते.

चांगपा कुटुंबांनी आपली पावले ऐकू देण्यास संमती दिली होती ती एका गोष्टीसाठी. कुणाची चाल बदलली, तर घरच्यांना आणि आरोग्यकेंद्राला संदेश जावा. हिमवादळात पडून राहिलेली माणसे त्यांना आठवत होती.

यंत्राने न ओळखलेल्या प्राण्याला नाव देणे हे मात्र माझे काम.

"मी उडता कॅमेरा पाठवते," यांगझोम म्हणाली. "सहा पायांचा प्राणी, आणि तोही माझ्या आईच्या मुक्कामाजवळ! आमा-लेला विचारलंस? तिला या पठारावरचा दगड न् दगड ठाऊक असतो."

"यंत्राच्या मते त्या बरेच दिवस मुक्कामाबाहेर पडलेल्या नाहीत."

"आई? घरात?" ती म्हणाली. "थंडी असेल."

"कॅमेरा नको. क्रौंच अंड्यांवर बसले आहेत, बिथरतील. मीच जातो."

"तू? माणसांना भेटायला घाबरणारा तू सहा पायांच्या जनावराला भेटणार?"

"ते बोलत नाही ना," मी म्हणालो. ती इतकी हसली, की मला उरलेला दिवस पुरला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी दलदलीजवळच्या एका उंचवट्यामागे बसलो. सरोवराच्या कडेला मिठाचा पांढरा पट्टा होता आणि त्यापलीकडे उरलेला बर्फ, त्यामुळे पाणी कुठे सुरू होते ते कळत नव्हते. क्रौंचाची मादी घरट्यावर होती. नर उथळ पाण्यात एकेक पाऊल विचारपूर्वक टाकत होता.

मग तो प्राणी आला.

आधी दिसला तो एक म्हातारा काळा याक. पोटाखालचे केस जमिनीला टेकलेले, कानांत लाल लोकरीचे गोंडे. आणि त्याच्या खांद्याशी, त्याच्या केसांत हात रुतवून, चालत होती यांगझोमची आई. तिचा डावा पाय उचलला जात नव्हता. तो मातीवर रेघ ओढत येत होता. मध्येच ती थांबे, आणि तिच्यासह याकही.

मी उभा राहिलो. तिने मला पाहिले आणि विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला. दुसऱ्याच क्षणी तिचा तोल गेला आणि ती गुडघ्यावर आली.

मी धावलो, पण हात पुढे करू की नको, या विचारात जवळ जाऊन नुसता उभा राहिलो. माझा तो स्वभावच आहे. याकाला असा संकोच नव्हता. तो एक पाऊल तिच्याकडे सरकला.

"जुले, नोनो," ती खालूनच म्हणाली. जुले म्हणजे नमस्कार, नोनो म्हणजे धाकटा भाऊ. "शिकलेली माणसं उशिरा उठतात म्हणे."

"आमा-ले, तुम्ही याच्यावर टेकला होतात."

"कोण टेकतंय? मी त्याच्या माश्या हाकत होते."

"या थंडीत माश्या?"

तिने माझ्याकडे पाहिले आणि तिला हसू आले. "खोटं बोलायला सराव लागतो. या माळावर कुणाशी करणार?" मग हसू ओसरले. "हात दे. नुसता बघतोस काय खांबासारखा?"

मी तिला उठवले. आम्ही उंचवट्याच्या आडोशाला बसलो. तिने फुलपात्रात ओतलेला मिठाचा चहा माझ्यापुढे केला तेव्हा त्यावर तिच्या हाताच्या थरथरीच्या लाटा उठत होत्या. क्रौंचांकडे पाहत ती बोलू लागली. रस्त्यालगतच्या तंबूंतली मोकाट कुत्री घरटी मोडतात, म्हणून तिचा नवरा पाल्जोर पिल्ले उडू लागेपर्यंत रोज इथे येऊन बसे. तो वारल्यावर ती बसते. "काही करावं लागत नाही. माणूस दिसला की कुत्री येत नाहीत. बसायचं फक्त."

"आणि पाय?"

"हिवाळ्यापासून. मी म्हणते चल, तो विचार करत बसतो. तुझ्यासारखा."

"मुक्कामात कुणाला माहीत आहे?"

"नाही. म्हणून तर अंधुकात निघते." तिने याकाकडे हात केला. "ते लाल गोंडे कसले, ठाऊक आहे?"

मला ऐकून ठाऊक होते. तो सोडलेला जीव होता. कुणाच्या आजारपणात एखादे जनावर मुक्त करण्याची इथे रीत आहे. त्यानंतर त्याला कापायचे नाही, विकायचे नाही, त्याची लोकर काढायची नाही, त्याच्या पाठीवर ओझे घालायचे नाही. त्याचे आयुष्य त्याचे.

"यांगझोम शाळेत होती. ताप उतरेना, बर्फानं खिंड बंद. तेव्हा हा वासरू होता. पाल्जोरनं याच्या कानांत गोंडे बांधले आणि सांगितलं, जा, तू आता कुणाचा नाहीस. तिचा ताप उतरला." तिने याकाकडे पाहिले. "आणि मी याच्यावर रोज भार टाकते. तिच्या जिवासाठी सोडलेल्या जनावराची मी काठी केली, नोनो. रोज संध्याकाळी वाटतं, तिकडे लेहमध्ये तिला काही झालं असेल. आणि रोज सकाळी पुन्हा टेकते."

मला शास्त्र ठाऊक होते. पण मी नुसते रिकामे फुलपात्र तिला परत केले.

"तुझ्या तारेला सांगू नकोस," ती म्हणाली.

"तारेला कळलं आहे, आमा-ले. तिला फक्त नाव कळलेलं नाही."

"मग नाव देऊ नकोस. अंडी फुटेपर्यंत तरी."

"यांगझोम रोज विचारते."

"तिला तर मुळीच नाही! ती मला खाली घेऊन जाईल, ते एक. आणि याकाचं कळलं तर तिच्यासमोर कोणत्या तोंडानं बसू?"

नाव दिले असते, तर संदेश आपोआप गेला असता. न दिले असते, तर पाय दिवसेंदिवस अधिक विचार करू लागला असता, आणि जिच्या आवाजावर माझे दिवस उभे होते तिच्याशी मी खोटे वागलो असतो. मी म्हणालो, "तिला तुम्हीच सांगा. मी लपवणार नाही, पण तुमच्या आधी बोलणारही नाही. आणि तोवर… माझ्यावर टेका."

तिने मला आपादमस्तक न्याहाळले. "तुझ्यावर? वारा सुटला की तूच डोलतोस."

पण टेकली.

त्यानंतर रोज सकाळी ती माझा खांदा धरून चालू लागली. मला कुणाच्या स्पर्शाची सवय नव्हती. पहिले काही दिवस मी इतका ताठ चालत असे, की ती म्हणे, "ओझं वाहतोयस की मिरवणूक काढतोयस?" हळूहळू तिच्या पायाचे थांबणे मला आधी कळू लागले. याक मात्र आम्हांला सोडून गेला नाही. त्याला कुणी बोलावले नव्हते. तो तिच्या दुसऱ्या अंगाला, हाताच्या अंतरावर, तिच्याच गतीने चाले.

"अरे, त्याला आता आठ पाय झाले!" यांगझोमचा फोन आला. "तो वाढतोय!"

मी नोंदी चाळत राहिलो.

"आणि एक सांग. रोज पहाटे मी फोन करते, तू उचलत नाहीस. यंत्र म्हणतं, तू खोलीतच आहेस. आईसुद्धा तंबूतच आहे म्हणे, जी आजारपणातही कधी आडवी झाली नाही." तिच्या आवाजातली थट्टा विरत गेली. "यंत्राला दोन माणसं सापडत नाहीत, आणि एका प्राण्याला पाय फुटत आहेत. निहार, मी हिशोबात इतकी कच्ची नाही. तिला काय झालंय?"

"तुम्ही इथे या," मी म्हणालो. "त्या स्वतः सांगतील."

ती निघाल्याचे कळल्यावर मी जुन्या नोंदी उघडल्या. आमा-लेला लेहला जावे लागणार, हे अटळ होते. पण मनात ते पाप घेऊन ती जाऊ नये, एवढेच मला वाटत होते. मी माझ्या खांद्याच्या आधीच्या, केवळ त्या दोघांच्या सकाळी पाहू लागलो. आणि जे दिसले, ते मी पुनःपुन्हा तपासले. यंत्राला कारण कळत नाही. क्रम मात्र कळतो, आणि तो चुकत नाही.

यांगझोम आली ती गाडीचे दार न लावताच तंबूत शिरली. मी बाहेरच थांबणार होतो, पण आतून आमा-लेने हाक मारली, "नोनो, तूही ये. एकटीला ओरडा खायचा नाहीये मला."

"कधीपासून?" यांगझोमने विचारले.

"हिवाळा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घेऊन गेली असतीस."

"जाणारच आहे!"

"बघ. म्हणूनच." मग आमा-लेने मान खाली घालून याकाचे सांगितले. सांगताना तिने मुलीकडे एकदाही पाहिले नाही. यांगझोमचे डोळे भरून आले. ती विज्ञान शिकलेली होती, तरी तिचा ताप उतरला तेव्हा तिच्या उशाशी हीच श्रद्धा बसलेली होती. ती हसून उडवता येण्यासारखी नव्हती.

तेव्हा मी बोललो. इतके सलग मी त्याआधी कुणापुढे बोललो नव्हतो.

"आमा-ले, जमिनीनं जे ऐकलंय ते तुम्हीही ऐका." मी धाग्याची स्पंदने ध्वनीत बदलून आणली होती. तंबूत पावले उमटू लागली. जड, जड, जड, जड, आणि मग ती थांबली. "हे तुम्ही तंबूतून निघण्याआधीचं. याक रात्री डोंगराच्या पायथ्याशी चरतो. उजाडताना तो स्वतः निघतो आणि तुमच्या तंबूबाहेर येऊन उभा राहतो. तुम्ही त्याला कधी बोलावलंत?"

"नाही. मला वाटे, तो तिथेच झोपतो."

"आता हे." जड, जड, मग एक हलके, मग मातीवर ओढल्याची खसखस. "इथे तुमचा पाय अडतो. ऐकलंत? पण त्याच्या आधीचा हा आवाज त्याच्या तुमच्याकडच्या पुढच्या पायाचा आहे. तो आधी थांबतो. त्या पायावर वजन घेतो, तुमच्याकडे कलतो. मग तुमचा पाय अडतो, आणि मग तुम्ही टेकता. दर वेळी याच क्रमानं. त्याला कसं कळतं, ते मला सांगता येणार नाही. पण तुम्ही त्याच्यावर भार टाकला नाहीत. त्यानं आधी जागा केली. ज्याचं आयुष्य त्याचं स्वतःचं आहे, त्यानं ते कुठे उभं करायचं, हे त्यानंच ठरवलं."

पावले वाजत राहिली. आमा-ले ऐकत होती. नंतर ती अगदी हळू म्हणाली, "पाल्जोर असंच करायचा. चढावर मला धाप लागायच्या आधी थांबायचा. म्हणायचा, माझा बूट सैल झालाय."

"बाबा-ले रोज बूट बांधायचे," यांगझोम म्हणाली. "मला वाटायचं, त्यांना गाठच मारता येत नाही." आणि ती आईच्या कुशीत शिरून रडली. मी तंबूच्या आढ्याकडे पाहत राहिलो.

नाव यांगझोमनेच दिले. बदललेल्या चालीपुढे तिने आईचे नाव लिहिले, आणि लगेच तिच्याच खिशातला फोन वाजला. घरच्यांना कळवणारा संदेश होता तो. तिने तो उघडून शेवटपर्यंत वाचला, जणू बातमी आत्ताच कळली.

लेहच्या डॉक्टरांनी पडद्यावरूनच चाल पाहून सांगितले, की मेंदूतल्या एका द्रव्याची ही उणीव आहे. ती भरून येत नाही, पण औषधाने चाल पुष्कळ सुधारते, आणि पुढच्या तपासण्यांसाठी खाली यावे लागेल. पहिली औषधे यांगझोमने गाडी पाठवून मागवली. आमा-ले खाली जायला तयार झाली, पण अंडी फुटल्यावर.

"किती दिवस लागतील?" यांगझोमने विचारले.

"अंडं काय तुझी सुट्टी विचारून फुटतं?"

तोवर आम्ही सगळेच रोज सकाळी दलदलीवर जाऊ लागलो. आमा-ले मध्ये, एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला याक, आणि मी थोडा मागे, मग यांगझोमने बाही ओढल्यावर बरोबरीने. एकदा परतल्यावर यंत्राची नोंद पाहून ती खो-खो हसत सुटली. यंत्राने नव्याने विचारले होते: अज्ञात प्राणी, पाय दहा.

"झाली शेवटी कुर्ली!" ती म्हणाली. "आता तरी दुरुस्ती करू नकोस."

एका सकाळी क्रौंचाची मादी घरट्यावरून उठली आणि तिच्या पायांशी तपकिरी लोकरीचा गोळा हलला. आमा-लेने हात जोडले. त्याच दिवशी दुपारी गाडी निघाली. जाण्याआधी ती याकासमोर उभी राहिली आणि त्याच्या कानातले विटके गोंडे काढून तिने नवे बांधले. बोटे थरथरत होती, गाठ पुन्हापुन्हा सुटत होती, पण तिने कुणालाही मदत करू दिली नाही. तो मान खाली घालून थांबला होता.

"पिल्लांना पंख फुटेपर्यंत कुत्री येतात, नोनो," ती मला म्हणाली. "काही करावं लागत नाही. बसायचं फक्त."

यांगझोम गाडीत बसली, मग पुन्हा उतरली. तिला काही बोलायचे होते. मलाही होते. "पहाटे फोन उचलत जा," एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी पडद्यापाशी होतो. डोंगराच्या पायथ्याकडून चार जड पावले निघाली. रिकाम्या तंबूबाहेर ती थांबली, बराच वेळ. मग काठाने दलदलीकडे चालू लागली आणि मध्येच थबकली. पुन्हा चालली, पुन्हा थबकली. तिचा पाय जिथे जिथे अडत असे, तिथे तिथे. यंत्राच्या लेखी तो एक निरोगी याक होता.

मी कोट चढवला आणि धावत निघालो.

त्याला गाठले तेव्हा डोंगरांच्या माथ्यावर ऊन आले होते. मी त्याच्या अंगाला, तिच्या जागी, चालू लागलो. हात मुद्दाम खिशात ठेवले होते. तो सोडलेला जीव, आणि माझे पाय धडधाकट. काही अंतर गेल्यावर तो थांबला. मीही थांबलो. त्याने माझ्याकडचा पुढचा पाय जमिनीत रोवला, आणि त्याची सगळी ऊबदार, गवताचा वास असलेली काळोखी कूस माझ्याकडे कलली. तो वाट पाहत होता.

मी खिशातून हात काढला आणि त्याच्या केसांत ठेवला.

दलदलीवर पिल्लू आईच्या मागे पाण्यात उतरत होते. आम्ही बसून राहिलो, कुत्री आली नाहीत. परतीच्या वाटेवर फोन वाजला.

"उचललास!" यांगझोम म्हणाली. मागून आमा-लेचा आवाज येत होता, औषध कडू असल्याची तक्रार करणारा. "अरे, इथे पडद्यावर पुन्हा ते जनावर आलंय. सहा पाय. आईला कळलं तर ती हसेल. नाव काय लिहू?"

यंत्र चुकले होते. मी दुरुस्ती केली नाही.